आठ जणांना डेम्प्स्टर हायवे सायकलने ९ दिवसांत जमेल का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकचे आठ जण आहात, पंढरपूरची सायकलवारी तीनदा झाली आहे, दिवसाला १०० किलोमीटर सगळ्यांना जमतात. म्हणून कॅनडातला डॉसन सिटी ते टुकटोयाकटुक हा प्रवास ९ दिवसांत बसवून दहाव्या दिवसाचं परतीचं तिकीट काढायचा विचार आहे. माझं कळकळीचं सांगणं आहे, ते तिकीट काढू नका. किमान १५ दिवस धरा, आणि तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या.

मी कॅलगरीत राहतो. २०१९ च्या जुलैत आम्ही सहा जण या रस्त्याने गेलो होतो. आमचंही तिकीट आधीच काढलेलं होतं, म्हणून हे लिहितोय.

आधी अंतर बघा. डॉसनपासून डेम्प्स्टर हायवे जिथे सुरू होतो तो फाटा ४० किलोमीटर, फाट्यापासून इनुविक साधारण ७४०, पुढे टुकपर्यंत आणखी सुमारे १४०. म्हणजे ९०० च्या वर. सुरुवातीचा थोडा तुकडा आणि इनुविकजवळचा भाग सोडला तर डांबर नाही. खालची जमीन बारा महिने गोठलेली असते. ती वितळली तर रस्ताच खचेल, म्हणून खडीचा जाड थर टाकून रस्ता उचलून घेतला आहे. धूळ बसावी म्हणून त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात. कोरड्यात हाच रस्ता चांगला कडक असतो, सायकल छान पळते. पाऊस पडला की त्याचा चिकट राडा होतो. आपल्याकडचा लाल चिखल निदान पाण्याने धुऊन तरी जातो. हा चाक आणि मडगार्डच्या मध्ये ठासून बसतो आणि वाळला की सिमेंट. आम्ही तंबूच्या खुंट्यांनी तो कोरून काढायचो. मडगार्ड घरीच ठेवा, टायर दोन इंचांहून रुंद घ्या.

आता आमचं काय झालं ते सांगतो. पाचव्या दिवशी ओगिल्वी नदीकाठी सकाळपासून पाऊस लागला होता. तिथून रस्ता नदी सोडून लांब चढाने डोंगराच्या कण्यावर जातो. तीन जण म्हणाले थांबू, तीन म्हणाले निघू, कारण विमान. निघालो. चिखलात ताशी पाच-सहा किलोमीटर जेमतेम, आणि तासाभरातच आम्ही पांगलो. सगळ्यात मागे दादा. आमच्यात वयाने मोठे, एकदाही कुरकुर न करणारे. त्यांच्या मागच्या गिअरमध्ये चिखल अडकला आणि तो फ्रेमला जोडणारा हँगर मोडला. वजन वाटून घेताना तंबूचं कापड त्यांच्याकडे आणि काठ्या पुढच्या सायकलवर गेल्या होत्या. स्टोव्हही पुढेच. दादा चार तास पावसात रस्त्याच्या कडेला बसून होते.

एका ट्रकवाल्याने त्यांना केबिनमध्ये घेतलं, हीटर लावला आणि पुढे येऊन आम्हाला गाठलं. दादा खाली उतरले तेव्हा त्यांना हेल्मेटचा पट्टा सोडता येत नव्हता. बोटं बक्कलवर ठेवलेली, पण दाबायला जोरच नाही. तो पट्टा मी सोडला. ते म्हणाले, "तुम्ही सगळे पोचलात ना?" जुलै महिना, अंगात जाकीट, आणि तरी ही अवस्था.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. ज्या चढावर आम्ही सायकली ढकलल्या होत्या, तोच चढ दुपारपर्यंत वाळून टणक झाला होता. एक दिवस तंबूत बसलो असतो तर यातलं काहीच घडलं नसतं.

आमच्याकडे जादा हँगर होता, पण तो माझ्या सायकलचा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. शेवटी दादांची साखळी तोडून आखूड केली आणि एकाच गिअरवर ते वाटेतल्या ईगल प्लेन्स या हॉटेलच्या थांब्याला पोचले, अर्धे चढ चालत. आठ सायकली म्हणजे आठ हँगर, आपापल्या फ्रेमचे. आम्ही तिथे दोन रात्री राहिलो, दंड भरून तिकीट पुढे ढकललं आणि उरलेल्या वाटेसाठी नियम ठरवले.

पिछाडीला असतो त्याचा शब्द शेवटचा. तो थांबा म्हणाला की सगळे थांबणार, मतं घ्यायची नाहीत. सह्याद्रीत ट्रेकला आपण एक अनुभवी गडी मागे ठेवतोच, इथे तेच करायचं. पुढच्याला मागचा दिसला पाहिजे. आठ जण असाल तर चार-चारच्या दोन तुकड्या करा, प्रत्येक तुकडीकडे स्वतःचा स्टोव्ह आणि सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र हवं, कारण बहुतेक वाटेवर मोबाइलला रेंज नाही. झोपायची पिशवी, निवारा आणि एक दिवसाचं खाणं मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या सायकलवर. वजन वाढतं, वाढू द्या.

या रस्त्याला नाव ज्याचं आहे त्याची गोष्टही मला तिथे फार भिडली. १९१०-११ च्या हिवाळ्यात फिट्झजेराल्ड नावाचा पोलीस अधिकारी तीन साथीदारांसह फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाला. वेगात पोचायचं म्हणून शिधा कमी घेतला, वाट दाखवणाऱ्या स्थानिक ग्विचिन जमातीच्या माणसाला मधूनच परत पाठवलं. वाट चुकली, शिधा संपला, माघारी फिरले, पण चौघेही गेले. गाव पंचवीस-पस्तीस मैलांवर राहिलं होतं. शोधायला गेलेल्या डेम्प्स्टरला मार्च १९११ मध्ये त्यांचे मृतदेह सापडले. फोर्ट मॅकफर्सनला त्यांच्या कबरी आहेत. आम्ही सहाही जण तिथे बराच वेळ उभे होतो, दादा सगळ्यात जास्त.

पाण्याचं नीट ऐका. टूमस्टोनचे डोंगर, ओगिल्वीचं खोरं, सगळीकडे ओढे आहेत. पण ओगिल्वी सोडून वर चढलात की ईगल प्लेन्सपर्यंत शंभरेक किलोमीटर पाण्याची वानवा. माणशी सहा-सात लिटर भरून घ्या. ईगल प्लेन्स फाट्यापासून ३६९ किलोमीटरवर. तिथे हॉटेल आणि पेट्रोल आहे, आधी विचारून शिध्याचं पार्सल ठेवता येतं का बघा. त्याच्या आधी दुकान नाही. पुढे ४०५ ला आर्क्टिक वृत्त, आणि नंतर रिचर्डसन डोंगरांपाशी असा वारा की सायकल हातात धरून चालावं लागतं. तो दिवस आखताना ४० किलोमीटरच धरा.

अस्वलांना पळवून लावणारा स्प्रे आणि स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, व्हाइटहॉर्स शहरात घ्या. स्प्रे पिशवीत नको, हँडलजवळ हवा. टुंड्रात झाडं नाहीत, त्यामुळे खाणं टांगायची सोयच नाही. अस्वलाला न उघडणारे डबे घ्या, तंबूपासून १०० मीटर दूर ठेवा, स्वयंपाकही तिकडेच. शेंगदाण्याची चटणी, चिक्की, भाजलेले पोहे आम्हाला उत्तम टिकले. डासांसाठी डोक्यावरची जाळी माणशी दोन.

पील आणि मॅकेंझी या दोन्ही नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरी असते, पैसे पडत नाहीत, पण पाणी चढलं की ती थांबते. हाही एक-दोन दिवस हिशोबात घ्या. महिना विचाराल तर मी ऑगस्टचा उत्तरार्ध सांगेन. डास कमी, टुंड्रा लालभडक. रात्री मात्र गोठवणारी थंडी असू शकते, तेव्हा झोपायची पिशवी चांगली हवी.

इनुविकपुढे टुकला जाणारा बारमाही रस्ता २०१७ पासून आहे आणि थेट आर्क्टिक महासागरापर्यंत जातो. तिथवर जरूर जा. दादांनी तिथे सायकलचं पुढचं चाक पाण्यात घातलं आणि बराच वेळ तसेच धरून उभे राहिले. गिअर तेव्हाही एकच होता.