गोधडी आणि घरचं शिवण दोन्हीसाठी नवीन शिलाई मशीन घेताना काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की समोर दोन मशीन आहेत. एक वीसेक टाक्यांचं साधं, दुसरं दोनशे टाक्यांचं कॉम्प्युटराइज्ड. कपडे घरचेच शिवायचे आहेत, पण खरी हौस गोधड्यांची आहे, आणि घरातले म्हणतायत, ‘टाके जास्त तेच घे.’ या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले.

टाक्यांचा आकडा डोक्यातून काढून टाका. गोधडीला सरळ टीप लागते. घरच्या शिवणाला सरळ टीप, झिगझॅग, काज आणि ताणल्या जाणाऱ्या कापडासाठी एखादा स्ट्रेच टाका. झालं. बाकीची पानं, फुलं, बदकं माणूस नव्याच्या नवलाईत एखाद्या चिंधीवर काढून बघतो, मग वर्षानुवर्षं त्या बटणांना हात लागत नाही. सिंगरचं 221 फेदरवेट 1933 साली आलं. वजन पाच किलोच्या आसपास आणि सरळ टिपेशिवाय दुसरा टाका नाही. तरी गोधडीचे तुकडे जोडणारे लोक आजही ते जुनं मशीन शोधून घेतात, कारण त्याची टीप सरळ येते.

बघायचं ते सुईच्या उजवीकडे. सुईपासून मशीनच्या उभ्या खांबापर्यंत किती जागा आहे ते.

आमच्याकडे मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा मी पर्समध्ये टेप घेऊन गेले होते आणि प्रत्येक मशीनची तीच जागा मोजत होते. सोबत थोरले भाऊजी होते. यंत्र म्हटलं की निर्णय त्यांचा, हे आमच्या घरात कोणी न ठरवताच ठरलेलं. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘अगं, रिकामी जागा मोजून कोणी मशीन घेतं का?’ दुकानातले लोक हसले. भाऊजींनी टाक्यांचा तक्ता बघितला, मोटरचे वॅट विचारले आणि तुमच्यासारखंच दोनशे टाक्यांचं मशीन पसंत केलं. पैसे ते देणार होते, त्यामुळे मी गप्प राहिले. मी गप्प राहिले म्हणजे मला पटलं, असा अर्थ मात्र घरात पुढे कायम काढला गेला.

आता त्या रिकाम्या जागेचा हिशोब सांगते. डबलबेडची गोधडी साधारण नव्वद इंच रुंद. टिपा मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला न्यायच्या असतात, म्हणजे आतलं वॅडिंग, दोन कापडांमधला मऊ थर, सरकून गोळा होत नाही. मधली टीप मारताना अर्धी गोधडी, म्हणजे पंचेचाळीस इंच, गुंडाळून सुईच्या उजवीकडे खुपसावी लागते. वरचं कापड, वॅडिंग आणि अस्तर धरून कितीही घट्ट गुंडाळली तरी ती वळकटी चार इंचांच्या आसपास जाड होते. साध्या घरगुती मशीनला उजवीकडे सहा-साडेसहा इंच जागा असते. म्हणजे हात हलवायला उरले दोन-अडीच इंच. सरळ रेषा एकवेळ निघेल, वळणाची नक्षी काढायची म्हटली तर संपलं.

मी पहिली मोठी गोधडी त्याच मशीनवर घेतली. कडेचे तुकडे जोडेपर्यंत सगळं छान होतं. मधल्या पट्ट्यावर आले आणि वळकटी खांबाला टेकली. खालचे दाते कापड पुढे ओढतायत, वळकटी मागे खेचतेय. टाके आधी बारीक झाले, मग एकावर एक बसायला लागले. मी डाव्या हाताने वळकटी उचलून धरली आणि उजव्याने ढकलत राहिले, तर कापड ओढलं जाऊन सुई जरा वाकली, खालच्या पट्टीवर आपटली आणि टोक तुटून वॅडिंगमध्ये गेलं. ते टोक सापडेपर्यंत पुढे टाका घालता येईना. अंगावर घ्यायच्या वस्तूत तुटकी सुई कशी ठेवणार? शेवटी ती जागा उसवली, चिमट्याने टोक काढलं आणि मधला सगळा पट्टा हाताने धावदोऱ्याने पुरा केला. गोधडी सुरेखच झाली. बघायला आलेल्यांना भाऊजी कौतुकाने सांगत होते, ‘मशीन चांगलं निवडलं ना, म्हणून.’ आणि त्यांचं बोट नेमकं हाताच्या टाक्यांवर होतं.

पुढे मी स्वतःच्या पैशाने दुसरं मशीन घेतलं, उजवीकडे नऊ इंच जागा असलेलं. त्याच मापाची गोधडी त्यातून अडथळा न येता फिरते. भाऊजी अजून म्हणतात की फरक मोटरचा आहे, याचे वॅट जास्त असतील. तर वॅटचंही सांगून टाकते. वॅट म्हणजे मोटर वीज किती घेते. सुई जाड कापडात किती जोराने जाते, ते त्यावरून कळत नाही. खरा फरक पडतो हळू चालवताना. चांगल्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचं मशीन पेडलवर पाय नुसता टेकवला तरी एकेक टाका घालत जातं आणि जाड जोडावरही सुई पूर्ण खाली नेतं. नाहीतर मशीन आधी नुसतं गुणगुणतं, पाय आणखी दाबला की एकदम सुटतं. गोधडीवर चार-चार शिवणी एका ठिकाणी येतात, तिथेच हे कळतं.

म्हणून दुकानात जाताना घरून वितभर गोधडीचा तुकडा करून न्या. दोन कापडं, मध्ये वॅडिंग, आणि एका जागी दुमडून आणखी जाड केलेला. दुकानदार नेहमी दोन पदरी कडक सुती कापडावर दाखवतो, त्यावर कुठलंही मशीन छान शिवतं. तुमच्या तुकड्यावर अगदी हळू टीप मारायला लावा. जाड जागेवर आधी थांबा, मग तिथूनच परत सुरू करा. टाक्याची लांबी बदलली का बघा. दोन्ही बाजूंनी बघा.

बाकीचं भराभर. दाते खाली करायची सोय हवीच, नाहीतर फ्री मोशन, म्हणजे कापड हाताने हवं तसं फिरवत नक्षी काढणं, जमत नाही. वॉकिंग फूट मिळतो का ते आधी विचारा, तो वरचं कापडही दात्यांबरोबर पुढे नेतो, त्यामुळे अस्तराला चुण्या पडत नाहीत. थांबल्यावर सुई कापडात खालीच राहण्याची सोय फार उपयोगाची, कोपऱ्यावर गोधडी वळवताना रेष हलत नाही. प्रेसर फूटचा, म्हणजे कापड वरून धरून ठेवणाऱ्या पायाचा, दाब कमी-जास्त करता आला तर उत्तम. आपोआप दोरा कापणं असलं तर छान, नसलं तर कात्री आहेच. आणि सुई गोधडीला 90/14 नंबरची लावा. ‘मशीन जाड कापड शिवत नाही’ या तक्रारीतल्या कितीतरी नुसती सुई बदलून मिटतात.

हे आधी सांगायला हवं होतं, पण आता सांगते. मोठ्या जागेची काही मशीन फक्त सरळ टीप मारतात. वेग मिनिटाला दीड हजार टाक्यांच्या आसपास, टीप देखणी, पण झिगझॅग नाही, काज नाही, आणि बाही किंवा पायजम्याची मोहरी सरकवायला खालचा मोकळा हातही नाही. कपडे जास्त शिवणार असाल तर त्यांच्या नादी लागू नका, रुंद जागेचं झिगझॅगवालं बघा. मोठ्या जागेची मशीन जडही असतात. रोज काढून कपाटात ठेवायचं असेल तर विचार करा. आणि तुम्ही बाळाच्या दुपट्याएवढ्या किंवा उशीच्या अभ्र्याएवढ्याच वस्तू करणार असाल, किंवा मोठी गोधडी चौकोनाचौकोनाने आधी टिपा मारून मग जोडणार असाल, तर सहा इंचांतही सगळं होतं.

तुमच्या दोनपैकी कुठल्याची जागा किती, ते तुम्ही लिहिलेलंच नाही, त्यामुळे नाव घेऊन ‘हे घ्या’ म्हणता येत नाही. दोन्हीकडे सारखीच निघाली आणि हळू चालण्यातही फरक नसेल, तर साधं घ्या आणि वाचलेल्या पैशात वॉकिंग फूट आणि मशीनला जोडायचं सपाट टेबल घ्या. गोधडी टेबलाखाली लोंबली की तिच्या वजनानेच टाके ओढले जातात, ते थांबतं. मोजायला टेप तुम्ही स्वतः न्या, आणि कोणी हसलं तरी मोजणं पुरं करा.