सुनेचा नागरिकत्वाचा अर्ज का नामंजूर झाला?

प्रश्न : आमची सून मूळची फिलिपिन्सची. लग्नानंतर दहा वर्षे ती आमच्याबरोबर मुलुंडला राहते, मराठी उत्तम बोलते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिने भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाल्याचे पत्र गेल्या आठवड्यात आले. कारण दिलेले नाही. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत वडील वारले म्हणून ती ५२ दिवस माहेरी होती, एवढेच. तिचे काय चुकले?

उत्तर : नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम १४ नुसार अर्ज नामंजूर करताना कारण देण्याचे बंधन केंद्र सरकारवर नाही, त्यामुळे ते आपल्यालाच कागदपत्रांतून शोधावे लागते, आणि आपण ज्याला ‘एवढेच’ म्हणता, तिथेच ते असावे असे मला वाटते. भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या व्यक्तीने कलम ५ खाली अर्ज करताना, त्यापूर्वीचे सलग १२ महिने भारतात राहिलेले असावे लागते आणि त्याआधीच्या ८ वर्षांत मिळून किमान ६ वर्षे. विशेष परिस्थितीत त्या १२ महिन्यांत सूट मिळू शकते, पण जास्तीत जास्त ३० दिवसांची. वडिलांच्या अंत्यविधीला गेलेल्या मुलीला हा हिशेब फार कठोर वाटेल, याची मला जाणीव आहे. तिच्या उत्तम मराठीचाही येथे उपयोग नाही, कारण भाषेची अट कलम ६ च्या, म्हणजे दीर्घ वास्तव्याच्या आधारावर केलेल्या, अर्जाला आहे, विवाहाच्या आधारावर केलेल्या अर्जाला नाही.

तरीही बाकीचे कागद तपासाच. व्हिसाची मुदत संपून मुक्काम लांबला असेल, तर कायदा त्या व्यक्तीला अवैध स्थलांतरित मानतो आणि मग कलम ५ खाली अर्जच करता येत नाही; म्हणून दहा वर्षांतल्या सगळ्या मुदतवाढी ओळीने लावून मध्ये एका दिवसाचीही फट नाही ना, ते पाहा. पासपोर्टवर माहेरचे आणि विवाह प्रमाणपत्रावर सासरचे नाव असेल, तर त्याचा खुलासा प्रतिज्ञापत्राने करावा. कोणी आपुलकीने तिचे नाव मतदार यादीत घातले असेल, तर ते आधी काढून घ्या, कारण ती यादी केवळ नागरिकांची आहे.

कलम १५-अ खाली फेरविचाराचा अर्ज करता येतो, पण त्याची ३० दिवसांची मुदत आदेशाच्या तारखेपासून मोजतात, पत्र हाती पडल्यापासून नव्हे. आपल्या बाबतीत नवा अर्ज करणे मला अधिक सरळ वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये परतल्यानंतर ती पुन्हा देशाबाहेर गेली नसेल, तर १२ महिने केव्हाच भरले आहेत. मुलुंड मुंबई उपनगर जिल्ह्यात येत असल्याने छाननी वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात होईल. तोवर व्हिसा आणि पासपोर्ट दोन्ही चालू ठेवा, आणि मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत तिने फिलिपिन्सचे नागरिकत्व सोडण्याची घाई मुळीच करू नये.