लग्नाआधीचा आजार लपवला असेल तर

ताई, सगळ्यात आधी एक तारीख लिहून ठेवा: नवऱ्याने लपवलेला आजार तुम्हाला नेमका कोणत्या दिवशी आणि कशावरून कळला. हिंदू विवाह कायदा 1955 च्या कलम 12 खाली फसवणुकीवरून लग्न रद्द करायचं तर फसवणूक कळल्यापासून 1 वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. कळल्यानंतरही तुम्ही स्वखुशीने नवऱ्यासोबत संसार केला असेल, तर हा रस्ता बंद होतो. 'बरा होईल, थोडं थांब' म्हणता म्हणता वर्ष निघून गेलेल्या मुली मी पाहिल्यात, फार वाईट वाटतं.

नुसता आजार असून भागत नाही. तो लग्नाआधीपासून होता, गंभीर होता आणि जाणूनबुजून लपवला, हे दाखवावं लागतं. जुनी प्रिस्क्रिप्शनं, डिस्चार्ज कार्ड, लग्न ठरतानाचे मेसेज, काहीही पुसू नका. फिट येण्याचा आजार 1999 पासून याच कायद्याच्या कलम 5 मधल्या लग्नाच्या अटींत नाही. लपवाछपवीचा मुद्दा मात्र वेगळा मांडता येतो.

मूल असेल तर घाबरू नका, कलम 16 मुळे ते औरसच मानलं जातं. आणि कुटुंब न्यायालयात नेहमी काम करणारा वकील याच आठवड्यात गाठा.