आधी जरा हळू कर

अगं,

तुझा मेसेज वाचला. सकाळी 5 ला उठायचं, तासभर वर्कआउट, आणि एक दिवस चुकला की दिवसभर स्वतःलाच शिव्या, आणि याला तू सेल्फ केअर म्हणतेस? मला तर ती दुसरी नोकरीच वाटली, बॉस पण तूच आणि तोही खडूस.

मी पण केलंय हे, कंबर धरली तरी सेट पूर्ण करायचाच. म्हणून सांगते, आठवडाभर एकच कर. गुडघे वाकवून पाठीवर झोप आणि डोकं हळूच एकदा उजवीकडे एकदा डावीकडे वळव, जेवढं वळतं त्याच्या निम्मंच. दहा मिनिटं बास. मान कुठे अडखळते, जबडा आवळलाय का, श्वास धरून ठेवलायस का, एवढंच बघत राहा. मी श्वास धरते हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, इतकी वर्षं पत्ताच नाही!

हळू का, तर जोर लावला की बारीकसारीक कळतच नाही. जड पिशवीत कुणी एक वही टाकली तर समजतं का? रिकाम्या हातावर ठेवली की लगेच समजतं. मोशे फेल्डनक्राइस म्हणून एक इंजिनिअर होता (1904 ते 1984), ज्युदोवाला, गुडघा दुखावल्यावर तो असंच छोट्या छोट्या हालचाली करत पुन्हा नीट चालायला शिकला. त्याच्या आधीचा अलेक्झांडर, ऑस्ट्रेलियातला नट, कार्यक्रमात त्याचा आवाज बसायचा, मग आरशासमोर उभा राहून स्वतःला बघायला लागला तर बोलायला तोंड उघडलं की डोकं मागे ओढलं जातंय, आणि त्याला वाटत होतं आपण सुधारलंय तरी आरशात तेच! आपण काय करतोय याचा आपलाच अंदाज इतका चुकतो बघ.

नंतर हे मानेपुरतं राहत नाही. मला एकदा लक्षात आलं की कुणी काम सांगितलं की माझे खांदे आधी वर जातात आणि मग मी "हो" म्हणते. आता खांदे वर गेले की मी म्हणते, उद्या सांगते. लोक थोडे चिडतात, चिडू देत.

दुखलं तर थांब, उगाच शूरपणा नको. मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर सरळ डॉक्टरकडे जा. आणि शरीराकडे लक्ष देताना घाबरल्यासारखं झालं तर डोळे उघडून खोलीतल्या वस्तू बघ, त्या दिवशी तेवढंच पुरे.

रविवारी फोन कर. किती मिनिटं केलंस ते नको सांगू, जबड्याचं काय झालं ते सांग.

तुझी ताई