मुंबईत हिपहॉप प्रोड्यूसर आणि डीजे म्हणून करिअर करता येईल का? नोकरी सोडावी का?

करता येतं. मी करतोय, माझ्या आजूबाजूची आणखी काही मुलंमुली करतायत. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपवर शंभरएक बीट्स (रॅपखाली वाजणारं, प्रोड्यूसरने बनवलेलं संगीत) पडून आहेत, मित्रांच्या पार्ट्यांमध्ये वाजवता, रोज डोंबिवलीहून फोर्टला कामाला जाता, आणि साठवलेल्या पन्नास हजारांत काय घ्यावं ते कळत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्या पडून असलेल्या बीट्सची वाटते, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

ऑनलाइन बीट विकायच्या वेबसाइट्स आहेत. तिथे टाकून बघायला हरकत नाही, पण तिथे बीट भाड्याने जाते आणि ती घेणाऱ्याने पुढे तिचं काय केलं हे बहुतेक वेळा कळतही नाही. प्रोड्यूसरचं नाव होतं ते पूर्ण झालेल्या गाण्यांवर. २०१५ साली डिव्हाइन आणि नेझीचं 'मेरे गली में' आलं आणि मुंबईच्या गल्लीतलं रॅप देशभर पोचलं. त्याचं संगीत सेझ ऑन द बीट या दिल्लीच्या प्रोड्यूसरचं होतं. त्या गाण्याने दोन रॅपरांबरोबर त्याचंही नाव पोचवलं.

तेव्हा तुमच्या पट्ट्यात शोधा. ठाण्यापासून कल्याणपर्यंत मराठीत लिहिणारी किती तरी पोरं आहेत, आणि त्यातली बरीच यूट्यूबवरून उतरवलेल्या बीटवर रॅप करतात. बीट दुसऱ्याची असल्याने ते गाणं त्यांना धड कुठे टाकता येत नाही, त्यातून पैसे येणं तर लांबच. अशी दोन माणसं निवडा जी वेळेवर येतात आणि लिहिलेलं खोडायला तयार असतात. त्यांच्याबरोबर बसून एक गाणं रेकॉर्ड करा, मिक्स करा, बाहेर काढा. मग दुसरं. एखादं कडवं लांबलंय हे सांगणं, हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं ध्रुवपद, आधी घ्यायचा का नंतर हे ठरवणं, पंचलाइनच्या क्षणी ड्रम बंद करून शब्द उघडा ठेवणं, हे सगळं प्रोड्यूसरचंच काम आहे. एकट्याने बीट करत राहिलात तर ते कधीच शिकता येणार नाही.

मराठीसाठी बीट करताना एक गोष्ट ऐका. आपली क्रियापदं वाक्याच्या शेवटी येतात, त्यामुळे नवखा रॅपर ओळीमागून ओळ 'आलो, गेलो, झालो' करत यमक जुळवतो. वर तुमचं हायहॅटही (ड्रममधली झांज) तितकंच एकसुरी असेल तर गाणं दुसऱ्या मिनिटाला मरतं. मला मराठी ९० बीपीएमच्या (मिनिटाला ९० ठोके) आसपास, बूम-बॅपच्या जुन्या धाटणीच्या ठेक्यावर सगळ्यात मोकळी वाटते. १४०च्या ट्रॅपवर, म्हणजे जलद हायहॅटच्या नव्या ठेक्यावर, निम्म्या चालीत म्हटलं तरी बसते, पण मग ड्रममध्ये जागा सोडावी लागते. ८०८चा (ड्रम मशीनचा खोल आवाज) बेस गाण्याच्या सुरात लावून घ्या आणि दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सिंथ कमी ठेवा, कारण ट, ठ, च, क या व्यंजनांची धार तिथेच ऐकू येते. शब्द कळला नाही तर मराठीत रॅप करण्याला अर्थच उरत नाही.

जुन्या लावण्यांच्या कॅसेटमधून सॅम्पल, म्हणजे आवाजाचे तुकडे, कापता असं तुम्ही लिहिलंय. शिकण्यासाठी खुशाल कापा, बाहेर काढताना थांबा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, आणि शब्द नि चाल यांचा कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे १९६० सालची तबकडी मोकळी झाली असली तरी तिच्यातली चाल अजून कुणाच्या तरी मालकीची असू शकते. हक्क टिकून असतील तर परवानगी दोन्हींची लागते. त्यापेक्षा स्वतः रेकॉर्ड करा! लालबाग-परळच्या बेंजो पार्ट्यांमध्ये काय ताकदीचे वादक आहेत हे गणपतीत आपण सगळेच ऐकतो. एखाद्या हलगी किंवा संबळ वाजवणाऱ्याला एका दुपारचं नीट मानधन द्या, आवाज वापरायची लेखी परवानगी घ्या आणि मनसोक्त वाजवू द्या. हलगीचा माइक थोडा लांब ठेवा, जवळून तिचा आवाज फाटतो. आणि कृपा करून ते वादन सॉफ्टवेअरच्या चौकटींवर ओढून सरळ करू नका, त्याची सगळी मजा त्या पुढेमागे होण्यात आहे.

आता डीजेगिरी. आपल्या घरांत डीजे म्हटलं की विसर्जनाचा ट्रक डोळ्यांपुढे येतो, पण हिपहॉप जन्मलं ते डीजेच्या हातून. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्कने एका पार्टीत वाजवलं, त्या दिवसापासून हिपहॉपचं वय मोजतात. गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा आला की लोक नाचायला पुढे येतात हे त्याने हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. तुम्ही आज लॅपटॉपवर लूप करता त्याचं मूळ तिथे आहे. म्हणून ही दोन कामं मी वेगळी मानत नाही. तुमचं नवं गाणं सेटच्या मध्ये, दोन गाजलेल्या गाण्यांच्या मधोमध वाजवून बघा. बेस गायब झाला किंवा लोक बारकडे वळले तर घरी जाऊन काय दुरुस्त करायचं ते आपोआप कळतं.

सुरुवातीला पैसा डीजेगिरीतूनच येईल. क्लबची आडवारची रात्र, कंपन्यांच्या पार्ट्या, डिसेंबर ते फेब्रुवारीचे कॉलेज फेस्टिव्हल, लग्नं. लग्नाला नाक मुरडू नका. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकाच डान्सफ्लोअरवर नाचवणं क्लबपेक्षा अवघड आहे, आणि उघड्या लॉनवर दहाला आवाज बंद करावा लागतो, म्हणजे कमी वेळात रंग भरायलाही शिकता. माझ्या मते सगळ्यात चांगली वाट मात्र रॅपरचा स्टेज डीजे होण्याची. त्याच्या शब्दांवर ट्रॅक तोडणं, तो दमला की पाठीमागचा रेकॉर्ड केलेला आवाज वर घेणं, साउंडचेकला भांडणं. गाणी तुम्हीच केलेली असतील तर तुमच्याशिवाय तो कार्यक्रम उभाच राहत नाही. हो, क्लब दीडला बंद होतो तेव्हा डोंबिवलीची शेवटची लोकल गेलेली असते. टॅक्सीचं भाडं मानधन ठरवतानाच बोलून घ्या.

कागदाचा कंटाळा करू नका. गाणं बाहेर पडायच्या आधी, त्याच दिवशी, त्याच खोलीत लिहून सह्या घ्या: शब्द कुणाचे, संगीत कुणाचं, कुणाचा किती वाटा. अपलोड करताना तुमचं नाव फक्त प्रोड्यूसर म्हणून नव्हे, संगीतकार म्हणूनही जायला हवं. कारण आयपीआरएस ही १९६९पासूनची संस्था रॉयल्टी गोळा करते ती संगीतकार, गीतकार आणि प्रकाशकांसाठी. तिचे सभासद व्हा. मला एका कंपनीने एकरकमी पैसे देऊन 'सर्व हक्क कायमचे' असा करार पाठवला होता. असे करार तुम्हालाही येतील. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार संगीतकार आणि गीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा असा लिहून घेता येत नाही, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. हे कलम दाखवून बोला, आवाज न चढवता. मानधनातून टीडीएस कापला गेला तर विवरणपत्र भरा, कर बसत नसेल तर पैसे परत मिळतात.

नोकरी आत्ता सोडू नका. पावसाळ्यात उघड्यावरचे कार्यक्रम बंद, चातुर्मासात लग्नं जवळजवळ नाहीत, तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सगळं सुरू. पहिली काही वर्षं कमाई अशी निम्म्या वर्षाचीच असते. तो रिकामा काळ गाणी पूर्ण करायला वापरा. अख्खा एक पावसाळा फक्त संगीताच्या पैशांवर घरभाड्यासकट निघाला की मग राजीनाम्याचा विचार करा.

पन्नास हजारांत मोठे स्पीकर घेऊ नका, दहा बाय दहाच्या खोलीत त्यांचा बेस खोटं बोलतो. चांगले बंद हेडफोन, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि डायनॅमिक माइक घ्या. कंडेन्सर माइक शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा पकडतो. एफएल स्टुडिओ हे बीट करायचं सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यायचं, पुढची अपडेट्स फुकट मिळतात. उरलेल्या पैशांत लॅपटॉपवरची गाणी मिसळायचा दोन चॅनेलचा छोटा डीजे कंट्रोलर, नवा नाही जमला तर वापरलेला. आणि गाणी रेकॉर्डबॉक्स या पायोनियरच्या डीजे सॉफ्टवेअरमध्ये लावून पेनड्राइव्हवर ठेवायची सवय आतापासून करा, कारण बहुतेक क्लबमध्ये पायोनियरचेच प्लेअर असतात आणि तिथे तुमचा कंट्रोलर ठेवायला टेबलावर जागा नसते.