बीआरएसआर वाचायला बसताना

शाश्वततेचा अहवाल दिला की कंपनीचं मूल्य वाढतं का, असं तुम्ही विचारलंत. सरळ 'हो' म्हणणाऱ्यावर पटकन विश्वास ठेवू नका. मोठ्या, नफ्यातल्या कंपन्यांकडे सविस्तर अहवालासाठी माणसं आणि पैसा असतो, आणि बाजार त्यांना तसाही चढा भाव देत असतो. कशामुळे काय झालं, हे वेगळं काढणं अवघड आहे.

सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा ठरावीक नमुन्यातला अहवाल, सक्तीचा केला. त्यातली धोरणांची पानं चाळली तरी पुरे. थेट सहाव्या तत्त्वाकडे, म्हणजे पर्यावरणाकडे जा. पाणी भूजलातून किती, नदी-तलावातून किती, विकतचं किती, हे तिथे असतं, शेजारी मागच्या वर्षीचे आकडेही. उलाढालीच्या दर रुपयामागे किती पाणी, हेही दिलेलं असतं. इथे नवखा माणूस हमखास फसतो. समजा कंपनी सिमेंटची आहे; सिमेंटचे भाव चढले की उलाढाल फुगते आणि थेंबभरही पाणी न वाचवता हे प्रमाण सुधारलेलं दिसतं. म्हणून एकूण वापर बघा, जमल्यास उत्पादनाच्या दर टनामागे हिशेब मांडा.

पाणीटंचाईच्या भागातल्या वापराची माहिती ऐच्छिक आहे. मराठवाड्यात कारखाना असूनही कंपनीने तो रकाना कोरा सोडला असेल, तर मी उन्हाळ्यात उत्पादन थांबण्याची जोखीम गृहीत धरून पुढचा रोख प्रवाह, म्हणजे कंपनीच्या हाती येणारा पैसा, कमी धरते, आणि त्यावरून काढलेलं मूल्यही उतरतं. मूल्याशी खरा संबंध इथे येतो. मग वार्षिक अहवालातलं जोखमींचं प्रकरण उघडा आणि पाण्याबद्दल तिथे काय लिहिलंय ते ताडून बघा.