नवा ई-रीडर आणि फुकट मराठी पुस्तकं: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न ई-रीडरचे, म्हणजे पुस्तकं वाचायच्या यंत्राचेच आहेत, त्यामुळे बाकीचे पुढच्या वेळी घेतो.

प्रश्न (फोंडा, निवृत्त शिक्षिका): मुलगा बोटीवर असतो, सुट्टीवर येताना माझ्यासाठी किंडल घेऊन आला. चालू केलं तर त्याचंच नाव आणि त्याचीच इंग्लिश पुस्तकं दिसतात. माझी मराठी पुस्तकं यात कशी घालू?

बाई, किंडल हा अॅमेझॉनचा ई-रीडर, आणि तुमचं किंडल मुलाच्या अॅमेझॉन अकाउंटवर नोंदवलेलं आहे, एवढंच. सेटिंग्जमध्ये जाऊन ते डीरजिस्टर करा, म्हणजे त्याची नोंद काढा, आणि तुमच्या मोबाईल नंबरवर स्वतःचं अकाउंट काढून त्यावर नोंदवा, कारण त्याच्या अकाउंटवर राहिलं तर चुकून एखाद्या पुस्तकाच्या खरेदीच्या बटणावर बोट पडलं की पैसे त्याच्या कार्डातून जाणार. मग फोनवर ब्राउझरमध्ये 'सेंड टू किंडल' हे पान उघडा, तुमच्या त्याच अकाउंटने लॉगिन करा आणि ईपब फाईल (ई-पुस्तकाचा असा प्रकार, ज्यात अक्षर लहानमोठं करता येतं) टाका, वायफाय चालू असलं की थोड्या वेळात पुस्तक किंडलवर येतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ईपब केबल लावून सरळ कॉपी केलीत तर किंडल ती उघडत नाही, ती सेंड टू किंडलनेच पाठवायची. पीडीएफ मात्र केबलने चालते.

प्रश्न (डिचोली): नेटवरून मराठी पुस्तकांच्या पीडीएफ घेतल्या. सहा इंची स्क्रीनवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. एकाने सांगितलं म्हणून कॅलिबर या फाईलचा प्रकार बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ईपब केली, तर सगळं इंग्लिश अक्षरांचं कडबोळं झालं. रीडर खराब आहे का?

रीडरला काही झालेलं नाही हो, फाईलच तशी आहे, आणि मराठी वाचकाला सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. मराठी पीडीएफ साधारण तीन तऱ्हेच्या असतात. पहिली म्हणजे स्कॅन, म्हणजे जुन्या पुस्तकाच्या पानांचे नुसते फोटो, त्यात अक्षर असं काही नसतंच, मग फॉन्ट मोठा करणार कशाचा? दुसरी डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायच्या, जुन्या फॉन्टमधली. तिच्यात आत खरं म्हणजे इंग्लिश अक्षरांचे कोड असतात आणि वरून मराठी फॉन्ट चढवलेला असतो, ईपब करताना तो फॉन्ट गळून पडला की तुम्हाला दिसलं ते कडबोळं उरतं. तिसरी युनिकोडमधली, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे कोड असलेली, ती ईपब होते, तरी कधीकधी पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते.

आपली कुठली ते ओळखायला फोनवर पीडीएफ उघडा, एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपमध्ये पेस्ट करून बघा. मराठी नीट आलं तर युनिकोड, कचरा आला तर जुना फॉन्ट, ओळ सिलेक्टच होत नसेल तर स्कॅन. जुना फॉन्ट आणि स्कॅन या दोन्हींच्या बाबतीत ईपब करायच्या भानगडीत पडूच नका, पीडीएफच ठेवा आणि स्क्रीन आडवी करा, अर्धं अर्धं पान दिसतं आणि अक्षर बऱ्यापैकी मोठं होतं. आणि एखादं पुस्तक ईपबमध्ये मिळत असेल तर त्याची पीडीएफ घ्यायचीच नाही.

प्रश्न (म्हापसा): टेलिग्रामच्या ग्रुपवर रोज पन्नास पुस्तकं येतात. ती घेणं बरोबर की चूक? आणि कायदेशीर फुकट मराठी पुस्तकं मुळात आहेत का?

त्या ग्रुपवर आजच्या लेखकांची पुस्तकं असतात ना? मग चूकच. मराठीत आवृत्त्या आधीच छोट्या निघतात, लेखकाला मिळतात ते चार पैसेसुद्धा त्यातून जातात, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडे लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजून 60 वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन 2011 पासून सगळ्यांना खुलं. आपले बाकीबाब बोरकर 1984 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कविता 2045 मध्ये खुल्या होतील, तोपर्यंत विकत घ्या किंवा लायब्ररीतून आणा. जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, अनुवाद यांचा हक्क वेगळा असतो, तेही बघायचं.

आता कुठे मिळतात ते सांगतो. आधी मराठी विकिस्रोतवर जा, तिथे ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा आणि बरंच जुनं साहित्य युनिकोडमध्ये आहे, डाउनलोड दाबलं की ईपब मिळते, म्हणजे वर डिचोलीकरांना आलेली अडचणच येत नाही. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने पुस्तकं फुकट देतं, त्यात आजचे लेखकही आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवर त्यांचे ग्रंथ पीडीएफमध्ये आहेत, जाडजूड आणि अभ्यासाचे. इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅनचा समुद्र आहे, पण तिथे कोणीही काहीही चढवतं, म्हणून साठ वर्षांचा हिशोब स्वतः करायचा. गोंयकारांनी तिथे फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण जरूर शोधावं, 1616 मध्ये आपल्या राशोलला छापलेलं मराठी ओवीबद्ध काव्य, त्याची 1907 ची मंगळूरची आवृत्ती मिळते, लिपी रोमन आहे पण मोठ्याने वाचायला लागलात की ओवी आपोआप कानात उतरते.

प्रश्न (पेडणे): पावसात लाईट जाते आणि कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते. ई-रीडर टिकेल?

लाईटची काळजी नको, ई-रीडरचा ई-इंकचा, म्हणजे कागदासारखा दिसणारा, पडदा मुख्यतः पान उलटतानाच वीज खातो, त्यामुळे एका चार्जवर आठवडेच्या आठवडे जातात, वायफाय बंद ठेवलं तर आणखी. चार्जिंगच्या भोकात ओल असेल तर मात्र पूर्ण वाळेपर्यंत पिन लावू नका. जूनच्या आधी कव्हर काढून एकदा आतून पुसा, बुरशी धरते ती कव्हरच्या कापडाला.

प्रश्न (वाळपई, कॉलेज विद्यार्थी): पैसे नाहीत. फोनवर वाचलं तर चालेल?

चालेल की! वर सांगितलेली सगळी पुस्तकं फोनवरही उघडतात, ईपब वाचायचं एखादं फुकट अॅप टाक आणि वाचताना नोटिफिकेशन बंद ठेव. आणि पणजीला येणं झालं तर पाटोवरच्या कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीत जा, 1832 पासूनची आहे ती, तिथे मराठीचं दालन बघ आणि मेंबर हो.